‘करिता’विना सही

बोदलटोला, जिल्हा गडचिरोली
आश्विन पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस

आयुष्मान नागसेन यास,

वामनमामाचा सप्रेम जयभीम. त्रिरत्नांच्या छायेत तू, आयुष्मती हर्षा आणि लेकरे निरामय असाल, अशी मंगल कामना करून लेखणी हाती घेतली आहे. तुझ्या रक्तातील साखरेचे काय झाले? मुंबईच्या दमट हवेत तुझे गुडघे धरतात असे हर्षाने फोनवर सांगितले. तिळाच्या तेलाची बाटली पाठवितो, ती गुडघ्यासच लावावी, मागील खेपेप्रमाणे भजी तळू नयेत. येथे तुझी आई सीता कुशल आहे. दोन वेळा जेवते, तीन वेळा तुझी आठवण काढते आणि चौथ्या वेळी तू फोन करीत नाहीस म्हणून मला बोलते. (मला का, हे विचारण्याची सोय नाही. वयाने ती माझी धाकटी बहीण असली तरी या घरातील सर्वोच्च प्राधिकरण तीच आहे.) माझी प्रकृती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जशी असावी तशी आहे. पहाटे त्रिशरण-पंचशील, नंतर तासभर पालीचे वाचन, नंतर डाव्या पायाची कुरकुर ऐकणे, असा दिनक्रम आहे.

तुला पत्र लिहिताना एक अडचण नेहमी पडते, ती आज आरंभीच सांगून टाकतो. तू माझा भाचा, म्हणून तुला ‘तू’ म्हणावे. तू मुंबईच्या थोरल्या कार्यालयात कक्ष अधिकारी, म्हणून ‘आपण’ म्हणावे. बराच विचार करून मी असे ठरविले आहे, की मजकूर भाच्यास लिहावा आणि आदर खुर्चीस द्यावा. तेव्हा जेथे ‘तू’ आले असेल तेथे तू वाच, आणि जेथे ‘आपण’ आले असेल तेथे वाचण्यापूर्वी कोट घाल. आणखी एक. हे पत्र कोणत्याही कामासाठी नाही. मामाचे पत्र आले म्हणजे बदली, दाखला किंवा कोणाच्या तरी जावयाची नोकरी, अशी जी धास्ती तुझ्या पोटात बसते ती या वेळी बसू देऊ नकोस. आपल्या शासनाविषयी माझ्या मनात अलीकडे फार आदर दाटून आला आहे, तो कोणापाशी तरी व्यक्त करावा, एवढाच हेतू.

आदर दाटून येण्याचे कारण आपल्या रानातील मोरी, म्हणजे नाल्यावरचा तो ठेंगणा पूल. आपल्या बोदलटोल्यात शाळा सातवीपर्यंत, हे तुला ठाऊक आहे. आठवीपासून मुलांना साडेचार किलोमीटर चालून हिवरगट्ट्यास जावे लागते. मुलगे सायकली हाणतात. मुली अकरा आहेत, त्या चालतात. वाटेचा निम्मा भाग जंगलाचा, आणि मध्ये नाल्यावर ती मोरी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मोरीच्या कठड्यापाशी वाघ बसलेला दिसला. त्याने कोणास काही केले नाही. तो बसला, त्याने मुलींकडे पाहिले, जांभई दिली आणि उठून गेला. (वनखात्याने दुसऱ्याच दिवशी तेथे ‘वाघाचा वावर आहे, सावध राहा’ अशी पाटी लावली. या तत्परतेचे मला कौतुक वाटले, फक्त पाटी मुलींनी वाचावी की वाघाने, हे कळले नाही, कारण ती जंगलाकडे तोंड करून लावलेली आहे.) त्याच संध्याकाळी शेजारचा इसरू माझ्या ओसरीवर येऊन बसला. त्याची थोरली मुलगी दिव्यानी नववीत आहे. ती रोज माझ्याकडे पाली शिकावयास येते, आणि या वयात मला जो शब्द आठवत नाही तो तिला आठवतो, इतकी तिची प्रगती आहे. इसरू तंबाखू मळता मळता म्हणाला, “गुरुजी, पोरगी हुशार हाय, हे मले समजते. पण वाघाले नाई समजत ना.” तंबाखू दाढेखाली धरून तो पुढे म्हणाला, “दसऱ्यापर्यंत गाडी आली त बरं. नाई त नाव काढतो शाळेतून. बाकीचे दहा बापही हेच म्हणून राह्यले.” नागसेन, तो चुकीचे बोलत नव्हता. दसऱ्यास अडीच महिने होते, आणि अकरा मुलींचे शिक्षण त्या अडीच महिन्यांत एका गाडीवर येऊन थांबले होते.

गाडी मिळविणे अवघड नव्हे, असे मला वाटले. शाळेच्या मुलींची ने-आण करणारी शासनाची निळी बस हिवरगट्ट्यापर्यंत येतेच. तिने साडेचार किलोमीटर पुढे यावयाचे, एवढाच प्रश्न. मी आगारात गेलो. आगारप्रमुख अत्यंत सुस्वभावी गृहस्थ निघाले. ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हणाल त उद्या पाठवतो. फक्त रस्ता अन् मोरी गाडीच्या लायक आहे असा दाखला आणून द्या.” मी आनंदाने परतलो. (त्या आनंदात मी चुकीच्या बसमध्ये बसलो आणि एटापल्लीच्या दिशेने अर्ध्यावर जाऊन आलो, ती कथा तुला सीता सविस्तर सांगेल, ती तिने सर्वांस सांगितली आहे.)

दाखला जिल्ह्याच्या ठिकाणच्या बांधकामाच्या कार्यालयातून मिळावयाचा. तेथे मी एकूण सहा वेळा गेलो. सहाही वेळा मला खुर्ची मिळाली, पाच वेळा चहा मिळाला आणि एकदा वाढदिवसाचा पेढा मिळाला. कोणी वसकन अंगावर आले नाही, कोणी काही मागितले नाही. आमच्या तरुणपणी कचेरीत गेलेला मनुष्य दारात चप्पल काढीत असे आणि आतून आलेल्या आवाजावरूनच परत फिरत असे. तेव्हा हे सौजन्य पाहून मला खरोखर धन्यता वाटली, आणि ही गोष्ट मी उपरोधाने लिहीत नाही. तेथील मुख्य लिपिक गुणवंतराव यांनी तर अर्ज हातात पडताच, माझ्या समोरच त्याची नोंद संगणकात केली, आणि मी जिना उतरण्यापूर्वी माझ्या फोनवर आभाराचा संदेश आला. दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा गुणवंतराव म्हणाले, “गुरुजी, तुमची फाईल वर गेली.” मी विचारले, वर म्हणजे कोठे? ते म्हणाले, “वर म्हणजे वरच.” असे म्हणताना त्यांनी डोळे छताकडे नेले. त्या इमारतीस त्याहून वरचा मजला नाही, म्हणून मी समजलो की ही वाट मुंबईकडे जाते.

आता मोरीचा इतिहास सांगितल्यावाचून गत्यंतर नाही, थोडक्यात सांगतो. रस्ता एका खात्याचा. मोरी मात्र बावीस वर्षांपूर्वी एका योजनेतून झाली. ती योजना पुढे बंद पडली आणि तिचे कार्यालय दुसऱ्या कार्यालयात विलीन झाले. मोरीचा ताबा कोणीच कोणास दिला नाही. म्हणजे मोरी जन्मली, वाढली, तिच्यावरून बैलगाड्या गेल्या, वाघ बसला. परंतु कागदोपत्री ती अनाथ. पूर्वी अशा अनाथ बांधकामांविषयी जिल्ह्याचे अभियंतेच निर्णय घेत. दोन वर्षांपूर्वी आदेश निघाला की असे सर्व निर्णय, चुका टाळण्यासाठी, मुंबईसच होतील. हेतू उत्तम आहे. एकाच जागी निर्णय झाले म्हणजे चूकही एकाच जागी होते आणि शोधावयास सोपी जाते. फक्त एक गंमत झाली. पूर्वी अधिकार आणि जाब हे दोघे एका घरात नांदत असत. आता अधिकार मुंबईस राहावयास गेला आणि जाब देण्याचे काम गावीच राहिले. (घरोघरी असे होते. तू मुंबईस गेलास आणि तू का येत नाहीस याचे उत्तर मी देतो.)

तिसऱ्या खेपेस मला टपालाने आलेले एक पत्र मी बरोबर नेले होते. ‘आपला अर्ज प्राप्त झाला असून पुढील कार्यवाही करण्यात येत आहे’, असा त्याचा मजकूर. कोण करीत आहे, हे त्यात नव्हते. भाषेची ही किमया मी चाळीस वर्षे व्याकरण शिकवूनही मुलांना इतक्या सफाईने दाखवू शकलो नाही. खाली एक सही होती आणि सहीखाली ‘कार्यकारी अभियंत्याकरिता’. मी गुणवंतरावांना विचारले, ही सही कोणाची? ते प्रांजळपणे म्हणाले, “हात माझा आहे गुरुजी, सही साहेबांची आहे.” मी साहेबांकडे गेलो. तेही तितकेच प्रांजळ. ते म्हणाले, “सही माझी म्हणा हवं तर, पण हात त्यांचा आहे.” मग त्यांनी मला मुंबईहून आलेला तो आदेश दाखविला. त्याच्याखालीही सही आणि ‘करिता’. मी टेबलावरचे आणखी चार कागद त्यांच्या परवानगीने पाहिले. सर्वत्र ‘करिता’. तुला लहानपणी रथाचा दृष्टांत सांगितला होता, आठवतो? चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. मग रथ कोठे आहे? पन्नास वर्षे मी तो दृष्टांत सांगत आलो आणि पन्नास वर्षे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मला शंका दिसत आली. शासनाने तो दृष्टांत इमारतीसह उभा करून दाखविला. शिपाई शासन नव्हे, लिपिक शासन नव्हे, अभियंता शासन नव्हे, मुंबईचा सहीवालाही शासन नव्हे. सर्वत्र कार्य आहे, कर्ता नाही. अहंकाराचा इतका पूर्ण लोप मी विहारातही पाहिला नाही.

तरीही, नागसेन, ध्यानाला बसलो की एक जुनी हकीकत मनात येई. बुद्धवचनात पहिल्या राजाची गोष्ट आहे. लोकांनी आपल्यातलाच एक योग्य मनुष्य निवडला आणि त्याला सांगितले, की ज्याच्यावर रागावावयास हवे त्याच्यावर तू रागाव, ज्याला हाकलावयास हवे त्याला हाकल; आम्ही तुला आमच्या धानाचा वाटा देऊ. तेथे राजा आकाशातून उतरलेला नाही, तो धानाच्या वाट्यावर नेमलेला आहे. म्हणून मला नेहमी वाटत आले आहे, की ज्याच्या पोटात ते धान गेले त्याच्या तोंडून उत्तर आले पाहिजे. आता धान आम्ही सर्व मिळून देतो, आणि उत्तर मागावयास गेलो की प्रत्येक जण म्हणतो, मी केवळ दुसऱ्याकरिता जेवलो.

सप्टेंबर उजाडला. फोनवर शासनाचा संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ मी आनंदाने गडचिरोलीस धावलो. गुणवंतराव म्हणाले, की फाईल वर पाठविली म्हणजे येथली तक्रार निकाली निघते. खाली उतरताना मात्र जिन्यात मला एका मुलीने थांबविले. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पायात गमबूट, हातात हेल्मेट. ती म्हणाली, “बोदलटोल्याचे गुरुजी तुम्हीच ना? मी अमरीन शेख, इथी नवीन कनिष्ठ अभियंता. तुमची फाईल मी वाचली. सत्तर पानं आहेत. पण मोरी कोणीच पाहिली नाई ना अजून.” मी विचारपूर्वक स्मरण केले. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. सत्तर पानांत मोरी कोणीही पाहिली नव्हती. माझ्यासुद्धा मनात ते आले नव्हते, कारण मी मोरी रोज पाहतो आणि म्हणून मला वाटले होते की ती सर्वांनी पाहिली आहे. “मंगळवारी येऊन राह्यली,” एवढे बोलून ती निघाली. चहासुद्धा नाही. त्या कार्यालयातील ही पहिलीच भेट, जिच्यात मला चहा मिळाला नाही आणि काहीतरी मिळाले.

मंगळवारी ती आली, आणि तिच्यामागून एक भला मोठा टिप्पर आला, गिट्टीने काठोकाठ भरलेला. चालविणारे गृहस्थ तिचे वडील, घुग्घुसचे रईसभाई. तीस वर्षे त्यांनी कोळशाचे ट्रक चालविले. पुढच्या गावी रस्त्याचे काम चालू आहे, तेथली ही खेप त्यांनी मुद्दाम मागून घेतली होती. त्यांनी वजनकाट्याची पावती माझ्या हातात दिली, चोवीस टन. ते म्हणाले, “गुरुजी, भरलेली बस याच्यासमोर बच्चा आहे. अन् पूल बोलतो बघा. तीस साल ऐकून राह्यलो मी. कमजोर राहिला त आधी आवाज देते.” अमरीनने तोवर नाल्यात उतरून मोरीच्या पोटातील जुन्या भेगांवर चुन्याचा हात फिरविला होता, भेग केसभर जरी उघडली तरी पांढऱ्यावर काळी रेघ दिसावी. मग ती तेथेच, मोरीच्या खाली, गुडघाभर पाण्यात, हातात विजेरी घेऊन उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, “अब्बू, या. हळूच आणा.”

मी काय केले ते सीतेने तुला सांगितले असेलच, तरी माझी बाजू ऐक. अकरा मुलींचे बाप वर कठड्याशी उभे होते, इसरू त्यांच्यापुढे. एक परक्या गावची मुलगी आमच्या मुलींसाठी चोवीस टनांखाली उभी राहणार आणि मी अर्जदार वर सावलीत बसणार, हे मला जमेना. मी धोतर खोचून खाली उतरलो. सवयीने हातात छत्री होती, ती उघडलेली राहिली. (चोवीस टनांविरुद्ध छत्रीचा उपयोग नाही, हे मला त्या वेळीही ठाऊक होते. इसरू अजूनही लोकांना तो भाग अभिनयासह करून दाखवितो.) अमरीन म्हणाली, “गुरुजी, तुम्ही वर जा ना. काही झालं त मले दोन-दोन अहवाल लिहा लागतील.” मी म्हणालो, “माझ्या वयाचा अहवाल एका ओळीत होतो, बाई. तू भेगांकडे पाहा.”

टिप्पर आला. डोक्यावरून तो जाताना मोरी कशी हादरली, ते लिहिण्याजोगे शब्द माझ्या अभ्यासात नाहीत. पालीतही नाहीत. पाण्यावर बारीक लहरी उठल्या, छत्रीवर मातीचा सडा पडला. अमरीनची विजेरी मात्र चुन्यावरून हलली नाही. तिने तीनदा टिप्पर नेला-आणला. तिसऱ्या खेपेस मला एकाएकी उमगले की आपण कोठे उभे आहोत. भिक्षुसंघात महत्त्वाचा निर्णय करावयाचा तर प्रस्ताव मांडून तीनदा विचारतात: ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तिसऱ्या वेळेसही कोणी बोलले नाही तर निर्णय झाला. येथे प्रस्ताव चोवीस टनांचा होता, तो तीनदा विचारला गेला, आणि मोरी तीनही वेळा मौन राहिली. चुन्यावर रेघ नाही. वरून रईसभाईंनी गाडी बंद करून आवाज दिला, “काही बोलली नाई, गुरुजी.” नागसेन, माझ्या डोळ्यांत पाणी आले. छत्री असूनही.

दाखल्याचा मसुदा गुणवंतरावांनी आधीच टाईप करून दिला होता. ‘सदर मोरी बस वाहतुकीस योग्य आहे’, आणि खाली, सवयीप्रमाणे, ‘कार्यकारी अभियंत्याकरिता’. अमरीनने तो मोरीच्या कठड्यावर ठेवला, ‘कार्यकारी अभियंत्याकरिता’ हे शब्द खोडले आणि खाली लिहिले: अमरीन रईस शेख, कनिष्ठ अभियंता, मोरी मी स्वतः तपासली. तारीख. फोन नंबर. मग इसरूकडे वळून म्हणाली, “भाऊ, हिला काही झालं त याच नंबरवर फोन करा.” मी तिला विचारले, बाई, भीती नाही का वाटत? ती म्हणाली, “वाटते ना गुरुजी. पण मोरी मी पाहिली, साहेबांनी नाई पाहिली. त्यांच्याकरिता मी कशी सांगू, की त्यांनी पाहिली म्हणून?” एवढे साधे वाक्य मी चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून काढू शकलो नाही. मी तिला उभ्या उभ्या नमस्कार केला. ती लाजली, आणि रईसभाईंनी विनाकारण टिप्परचा हॉर्न वाजविला.

आगारप्रमुखांनी दाखला उलट करून पाहिला, सुलट करून पाहिला. ते काहीतरी शोधत होते. मला कळले, ते ‘करिता’ शोधत होते. “गुरुजी, हे कोणाची सही?” मी म्हणालो, जिची आहे तिचीच. त्यांनी नंबर फिरविला. तिकडून पहिल्याच घंटेस उत्तर आले. ते थोडे बोलले, फोन ठेवला आणि नियमांचे पुस्तक काढून चाळले. मग म्हणाले, “नियमात ‘तपासणाऱ्या अभियंत्याचा दाखला’ एवढंच लिहिलं आहे. कोणत्या, ते लिहिलं नाई. सोमवारी गाडी येईल.” आणि त्यांनी माझ्या अर्जावर मंजुरी लिहून खाली आपले पूर्ण नाव लिहिले. हा आजार संसर्गजन्य असावा.

सोमवारी गाडी आली. दसऱ्यास नऊ दिवस होते. अकराही मुली बसल्या. दिव्यानी पुढच्या आसनावर, खिडकीपाशी. मलाही पहिल्या फेरीस बसण्याचा मोह झाला. कंडक्टरबाईंनी पंच्याहत्तरीवरील प्रवाशाच्या सवलतीसाठी ओळखपत्राची मूळ प्रत मागितली. माझ्याजवळ झेरॉक्स होती. सर्व गाव मला गुरुजी म्हणत असताना मी पूर्ण तिकीट काढून बसलो. नियम म्हणजे नियम, आणि तो पाळणारी बाई समोर उभी राहून पाळत होती. मला त्यातही आनंद वाटला. मोरीवरून गाडी गेली तेव्हा मुली गप्प झाल्या आणि पलीकडे जाताच सर्व जणी एकदम बोलू लागल्या.

एवढेच लिहावयाचे होते. आपल्या शासनात अजून असे लोक आहेत, हे तुला मुंबईच्या गर्दीत राहून ठाऊक असो वा नसो, मला ठाऊक झाले आणि राहवेना, म्हणून लिहिले. हर्षास आशीर्वाद. लेकरांना पाटीवर अक्षरे गिरवावयास लाव; फोनवर बोटे सरकविणे म्हणजे लेखन नव्हे. आता बस दारापर्यंत येते, तेव्हा दिवाळीस येताना चालण्याचे निमित्त सांगू नकोस, असे सीता म्हणते. भवतु सब्ब मंगलं.

तुझा मामा,
वामनराव

ता.क. हे पत्र कामासाठी नाही असे आरंभी लिहिले, ते आरंभी खरे होते. कागद संपत आला तसे एक काम निघाले. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी अमरीनला मुंबईहून नोटीस आली. मोरी कमकुवत आहे असे त्यात कोठेही नाही. सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेवाचून दाखला दिला, असे आहे. आणि शेवटचे वाक्य असे, ‘आपण सदर सही कोणाकरिता केली, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा, अन्यथा सेवा समाप्तीची कार्यवाही करण्यात येईल.’ ती नोटीस घेऊन ती माझ्याकडे आली. सीतेने तिला जेवू घातले. मी प्रश्न तीनदा वाचला आणि म्हणालो, बाई, प्रश्न नीट विचारला आहे, उत्तरही नीट दे. कोणाकरिता केलीस ते लिही. तिने अकरा नावे लिहिली आहेत. पहिले दिव्यानी इसरू नैताम. नावापुढे इयत्ता आणि घरापासून शाळेचे अंतर आहे, दुसरा एकही शब्द नाही. तो खुलासा सोमवारी टपालात पडला. या आठवड्यात आपल्या टेबलावर येईल. आपल्या म्हणजे आपल्याच, कारण नोटिशीखाली ‘सचिवांकरिता’ अशी जी सही आहे ती आपली आहे, कक्ष अधिकारी महोदय. नावातला ‘ग’ तू अजून तसाच काढतोस, उभी रेघ आधी आणि वळण नंतर. मी काही मागत नाही. खुलासा फक्त वाच. वर पाठवू नकोस. मोरी पाहावीशी वाटली तर ये, नाल्यात पाणी आता घोट्याइतकेच आहे. आणि त्यानंतर तिला काढावयाचे असे तुला मनापासून वाटले, तर खाली ‘करिता’ न लिहिता काढ.

ता.क. दुसरा. हा लिहावा की नाही यात दोन दिवस गेले. पौर्णिमेस वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपला. त्या दिवशी भिक्षू एकमेकांना विनवितात, की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, नुसती शंका आली असेल, तरी मला सांगा. मी गृहस्थ आहे, पण विहारातून आल्यावर तेच मी घरी आलेल्या अमरीनला विचारले. तिने पिशवीतून एक जीर्ण कागद काढला. तिने तो सत्तर पानांत नव्हे, जुन्या गठ्ठ्यात शोधला होता आणि कोणालाही दाखविला नव्हता. मोरी बांधून झाली त्या वर्षीचा. ‘काम पाहिले, समाधानकारक आहे, गावाने ताबा घेतला.’ गावच्या देखरेख समितीचा अध्यक्ष तेव्हा मी होतो. त्या आठवड्यात मी दीक्षाभूमीस गेलो होतो आणि ग्रामसेवकास सांगून गेलो होतो, की कागद आला तर तू कर सही. त्याने केली. खाली ‘अध्यक्षांकरिता’. वरच्या कार्यालयाने ती सही ग्राह्य धरली नाही, कागद परत आला, मी पुन्हा पाहिला नाही. मोरीला बावीस वर्षे कोणी वाली नव्हता तो यामुळे. मी तिच्यावरून रोज गेलो.

तेव्हा तुला रागावण्याचा अधिकार मला नाही, आणि हे पत्र रागाचे नाही असे धरून चाल. त्या कागदाविषयी मी लेखी जबाब आज गडचिरोलीस नोंदवून आलो, स्वतःच्या नावाने. त्याबद्दल कोणास जाब विचारावयाचा असेल, तर नोटीस वामनराव यांच्या नावे काढावी. पत्ता वर दिला आहे. मी घरीच असतो.